म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीची धूळ कशी वाचावी : सोलापुरातून करता येण्याजोगा अभ्यास

मार्चच्या उत्तरार्धात रात्री दहाच्या सुमारास सोलापुरातून पाहिले, तर सिंह रास जवळजवळ डोक्यावर आलेली असते. मघा या ठळक ताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे पाच अंशांवर आर लिओनिस नावाचा लालसर तारा आहे आणि त्याच्या उत्तरेला दोन अंशांहूनही कमी अंतरावर सीडब्ल्यू लिओनिस नावाचा दुसरा तारा आहे. दोन्ही आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातले तांबडे राक्षसी तारे आहेत. पहिला साध्या द्विनेत्रीतून, आणि तेजाच्या शिखरावर असताना अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीही, दिसू शकतो. दुसरा मात्र हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीतून दिसतच नाही, कारण त्याने स्वतःभोवती इतकी धूळ उभी केली आहे की दृश्य प्रकाश बाहेर पडण्याआधीच शोषला जातो. तोच तारा ५ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात सूर्यमालेबाहेरच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी वस्तू ठरतो.

या दोघांमधला फरक धुळीतून कसा वाचायचा आणि त्यावरून प्रत्येकाच्या पूर्वायुष्याविषयी काय सांगता येते, हे येथे क्रमाने मांडले आहे. पदवीच्या वर्गातील भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, शाळा-महाविद्यालयातील शिक्षक किंवा हौशी निरीक्षक यांना द्विनेत्री, संगणक, इंटरनेट आणि लॉगरिदम काढता येईल असे कोष्टकाचे सॉफ्टवेअर एवढ्या साधनांवर हे सारे करता येते.

धूळ कोठून येते आणि तिला क्रम का असतो

सूर्याच्या साधारण ०.८ ते ८ पट वस्तुमानाचे तारे गाभ्यातील हायड्रोजन आणि त्यानंतर हेलियम संपल्यावर प्रचंड फुगतात. गाभ्यात कार्बन व ऑक्सिजन साचलेले असतात आणि त्याभोवतीच्या दोन पातळ थरांत हेलियम व हायड्रोजन आळीपाळीने जळत राहतात. अशा ताऱ्याचे बाह्य आवरण शेकडो दिवसांच्या आवर्तनाने प्रसरण-आकुंचन पावते, त्या हेलकाव्यांनी वायू वर उचलला जातो आणि ताऱ्याच्या त्रिज्येच्या काही पट अंतरावर तो हजार-दीड हजार केल्विनपर्यंत निवला की त्यातून घन कण तयार होऊ लागतात. या कणांवर ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब पडतो. ते बाहेर ढकलले जातात आणि टकरींमुळे वायूलाही बरोबर ओढून नेतात. वस्तुमानाच्या हिशेबाने धूळ वायूच्या शंभरात एक भाग किंवा त्याहूनही कमी भरते, पण वारा वाहतो तो तिच्याच जोरावर.

हा वारा सेकंदाला साधारण ५ ते २० किलोमीटर वेगाने बाहेर जातो आणि एकदा वेग घेतल्यावर तो फारसा बदलत नाही. त्यामुळे ताऱ्याजवळची धूळ अलीकडची आणि दूरची धूळ जुनी असते. जवळची गरम आणि दूरची थंड असते. गरम धूळ आखूड अवरक्त तरंगलांबीवर आणि थंड धूळ लांब तरंगलांबीवर प्रकाशते. म्हणजेच २ मायक्रॉनपासून १०० मायक्रॉनकडे सरकत जाणे हे त्या ताऱ्याच्या भूतकाळात मागे जाणे होय. पुढची सर्व कृती या एका वाक्यावर उभी आहे.

तारा खरोखरच म्हातारा आहे, याची खात्री

अवरक्त प्रकाशाचे आधिक्य दिसले की तारा म्हातारा, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. नवजात ताऱ्यांभोवतीही धुळीच्या चकत्या असतात, आणि आयरास या उपग्रहाने १९८३ मध्ये अभिजित ताऱ्याभोवतीही धूळ शोधली होती, जो म्हातारा मुळीच नाही. म्हणून प्रथम सिम्बाड या मुक्त माहितीकोशात ताऱ्याचे नाव टाकून त्याचा वर्णपटीय प्रकार पाहावा. एम, एस किंवा सी (कार्बन तारा) हा प्रकार, त्याच्या जोडीला शंभर दिवसांहून मोठे आवर्तन आणि तेजातील मोठा चढउतार, अशी तिन्ही लक्षणे असतील तर पुढे जावे. आर लिओनिसचे आवर्तन सुमारे ३१० दिवसांचे आहे आणि त्याची दृश्य प्रत (तेजाचे माप; आकडा जितका लहान तितके तेज अधिक) ४.४ पासून ११.३ पर्यंत बदलते. सीडब्ल्यू लिओनिसचे आवर्तन त्याच्या दुपटीच्या आसपास, ६३० दिवसांहून थोडे अधिक आहे.

आर लिओनिसचे तेज स्वतः मोजून पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण ज्याने चढउतार डोळ्यांनी पाहिला त्याला पुढचे आकडे कोरडे वाटत नाहीत. हा तारा १८ लिओनिस आणि १९ लिओनिस या दोन ताऱ्यांसह लहानसा त्रिकोण करतो. त्यांच्या प्रती अनुक्रमे सुमारे ५.७ आणि ६.४ आहेत, त्यामुळे तुलना सोपी जाते. पंधरवड्यातून एकदा नोंद केली तरी पुरे. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या संस्थेच्या संकेतस्थळावर तुलनेचे नकाशे मिळतात आणि जगभरच्या निरीक्षकांनी काढलेले तेजवक्रही पाहता येतात.

सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने निरभ्र रात्री भरपूर मिळतात. पावसाळ्यातील खंडही या ताऱ्याच्या बाबतीत फारसा नडत नाही, कारण ऑगस्टमध्ये सूर्य त्याच दिशेला असतो आणि तारा तसाही दिसत नाही. शहरातील आणि चिंचोळी एमआयडीसीच्या दिव्यांपासून दूर, नान्नज किंवा अक्कलकोटच्या बाजूला मोकळी जागा पाहावी. मात्र नान्नजच्या माळढोक अभयारण्यात रात्री शिरू नये. खरी अडचण एप्रिल-मेमधील धुरकट हवेची आहे. त्या दिवसांत क्षितिजालगतचा सूर्य तांबडा दिसतो, कारण हवेचे रेणू आणि बारीक धूळ निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि लाल प्रकाश त्या मानाने सहज पार होतो. ताऱ्याभोवतीची धूळही त्याच्या प्रकाशावर असाच परिणाम करते, परंतु आपल्या मोजमापात गावची धूळ मिसळू द्यायची नाही. त्यासाठी तुलनेचा तारा नेहमी जवळपास तेवढ्याच उंचीवरचा घ्यावा आणि क्षितिजापासून तीस अंशांच्या खाली असलेल्या ताऱ्याची नोंद टाळावी.

प्रवाहाचे आकडे गोळा करणे

यानंतरचे काम संगणकावरचे आहे. विझिएर या संग्रहात ताऱ्याचे नाव दिले की वेगवेगळ्या सर्वेक्षणांतील प्रवाहाची, म्हणजे आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेची, मोजमापे एकत्र मिळतात. त्यांतून निदान तीन संच घ्यावेत : टू-मास सर्वेक्षणाचे १.२५, १.६५ आणि २.१७ मायक्रॉनचे, आयरासचे १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनचे, आणि २००६ मध्ये सोडलेल्या जपानी आकारी उपग्रहाचे ९ व १८ मायक्रॉनचे. वाईज उपग्रहाचे आकडे नवे आणि अचूक असले तरी आपल्या कामाचे नाहीत, कारण इतके तेजस्वी तारे त्याच्या संवेदकावर संपृक्त होतात, म्हणजे त्याच्या मोजण्याच्या मर्यादेबाहेर जातात. जवळच्या राक्षसी ताऱ्यांसाठी त्यांवर विसंबू नये.

टू-मासचे आकडे प्रतीत असतात आणि आयरासचे जान्स्की या एककात. प्रतीवरून जान्स्की काढण्यासाठी २.१७ मायक्रॉनच्या पट्ट्यात ६६६.७ या संख्येला १० च्या (−०.४ × प्रत) या घाताने गुणावे. येथे एक अडचण लक्षात ठेवली पाहिजे : आयरासने १९८३ मध्ये पाहिले आणि टू-मासने १९९७ ते २००१ या काळात, आणि मधल्या काळात तारा अनेकदा मंद आणि तेजस्वी झालेला आहे. लांब तरंगलांबीवर चढउतार कमी असतो, त्यामुळे २५ आणि ६० मायक्रॉनचे आकडे तुलनेने निर्धास्तपणे वापरता येतात. २ मायक्रॉनच्या आकड्यांत मात्र एक प्रत इकडे-तिकडे होईल, असे धरूनच चालावे.

आडव्या अक्षावर तरंगलांबी आणि उभ्या अक्षावर प्रवाह, दोन्ही लॉगरिदममध्ये, असा आलेख काढावा. शिखराच्या तरंगलांबीवरून तापमान काढताना विद्यार्थी सर्रास २८९८ ही संख्या वापरतात. ती प्रति तरंगलांबी प्रवाहासाठी आहे. जान्स्की हे प्रति वारंवारता प्रवाहाचे एकक असल्याने त्या आलेखासाठी ५१०० ही संख्या लागते : ५१०० ला मायक्रॉनमधील शिखर-तरंगलांबीने भागले की केल्विनमध्ये तापमान मिळते. हा फरक दुर्लक्षिला तर तापमान जवळजवळ निम्मेच निघते.

रंगांची तुलना

उघड्या, धूळविरहित ताऱ्याचा प्रवाह या पट्ट्यांत तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. म्हणून १२ आणि २५ मायक्रॉनच्या प्रवाहांवरून काढलेला रंग, म्हणजे २.५ × लॉग (प्रवाह २५ ÷ प्रवाह १२), अशा ताऱ्यासाठी सुमारे −१.६ येतो आणि २५-६० चा रंग सुमारे −१.९. धूळ वाढेल तसा आकडा सहसा यापासून वर सरकतो. १९८८ मध्ये व्हॅन डर व्हेन आणि हाबिंग यांनी हे दोन रंग दोन अक्षांवर घेऊन आयरासच्या ताऱ्यांचे विभाग पाडले. म्हाताऱ्या ताऱ्यांचा हा नकाशा अजूनही पहिल्या चाळणीसाठी उत्तम आहे.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. सीडब्ल्यू लिओनिसचे आयरास-प्रवाह १२, २५ आणि ६० मायक्रॉनवर अनुक्रमे सुमारे ४७,५००, २३,१०० आणि ५,६५० जान्स्की आहेत. त्यावरून रंग −०.७८ आणि −१.५३ येतात. आता तिमिंगल समूहातील मीरा हा ताराही घ्यावा, ज्याच्या बदलत्या तेजाची नोंद डेव्हिड फॅब्रिशियस यांनी १५९६ मध्ये केली होती. मीराचे प्रवाह सुमारे ४,८८०, २,२६० आणि ३०० जान्स्की, म्हणजे रंग −०.८४ आणि −२.१९. पहिला रंग दोघांचा जवळजवळ सारखाच आहे! केवळ त्यावर विसंबले तर दोन्ही तारे सारख्याच धुळीत गुरफटलेले आहेत, असे वाटेल. परंतु २ मायक्रॉनवर मीरा हजारो जान्स्की देतो, १२ मायक्रॉनवर देतो त्याहून कमी नाही. सीडब्ल्यू लिओनिस मात्र तेथे काही शे जान्स्कीच देतो. मीराच्या बाबतीत आपण उघडा तारा आणि त्यावर धुळीची थोडी भर पाहतो. सीडब्ल्यू लिओनिसच्या बाबतीत तारा झाकलेलाच आहे आणि आपण पाहतो ती सरासरी पाचशे ते सहाशे केल्विन तापमानाची धूळ. सीडब्ल्यू लिओनिस वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पन्नास हजारावा भाग गमावतो, तर आर लिओनिससारख्या ताऱ्याचा वस्तुमान गमावण्याचा वेग त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास आहे. आर लिओनिसचे रंग वाचकाने स्वतः काढावेत आणि ते या दोघांपैकी कोणाच्या जवळ जातात, ते पाहावे.

धुळीचे रसायन

माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत समृद्ध भाग हा आहे, कारण येथे धूळ ताऱ्याच्या पोटात काय घडले ते सांगू लागते.

थंड वातावरणात कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जोडी करून कार्बन मोनॉक्साइड बनवतात, आणि हा रेणू इतका घट्ट असतो की दोघांपैकी जे मूलद्रव्य कमी असेल ते जवळजवळ सगळे त्यात अडकून पडते. उरलेल्या मूलद्रव्यावर धूळ ठरते. ऑक्सिजन उरला तर सिलिकेट आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे बनतात. कार्बन उरला तर काजळीसारखा अस्फटिकी कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइड. जन्मतः तारे ऑक्सिजनसमृद्ध असतात. सूर्यातही दोन ऑक्सिजन अणूंमागे साधारण एकच कार्बन अणू आहे. मात्र हेलियमचा थर हजारो वर्षांच्या अंतराने भडकून पेट घेतो, या औष्णिक स्पंदानंतर खोलवरचे अभिसरण तेथील कार्बन उपसून पृष्ठभागावर आणते, आणि असे उपसे पुरेसे झाले की कार्बनची संख्या ऑक्सिजनला मागे टाकते. हा उपसा खरोखर होतो, याचा पुरावा पॉल मेरिल यांना १९५२ मध्ये मिळाला : अशा ताऱ्यांच्या वर्णपटात त्यांना टेक्नेशियम दिसले, ज्याची समस्थानिके ताऱ्याच्या वयाच्या मानाने फार लवकर क्षय पावतात. अर्थात ते त्या ताऱ्यातच अलीकडे घडलेले असले पाहिजे.

वर्णपट कोठे मिळेल? आयरासचे ८ ते २२ मायक्रॉनच्या दरम्यानचे ठोकळ वर्णपट आणि युरोपच्या आयएसओ वेधशाळेचे (१९९५–९८) २.४ ते ४५ मायक्रॉनचे बारीक वर्णपट मुक्तपणे उपलब्ध आहेत. त्यांत ९.७ आणि १८ मायक्रॉनवर उंचवटा असेल तर धूळ सिलिकेटची, ११.३ मायक्रॉनच्या आसपास एकच उंचवटा असेल तर सिलिकॉन कार्बाइडची. सीडब्ल्यू लिओनिसमध्ये हा दुसरा उंचवटा दिसतो आणि ३० मायक्रॉनवर मॅग्नेशियम सल्फाइडचा मानला जाणारा रुंद उंचवटाही दिसतो. सिलिकेटच्या ताऱ्यांत आणखी एक पायरी वाचता येते : धूळ विरळ असताना ९.७ मायक्रॉनवर उंचवटा असतो, ती दाट होत गेली की तो आतून बसू लागतो आणि फार दाट झाली की त्या जागी खळगा पडतो. अशा ताऱ्यांचे हायड्रॉक्सिल रेणू १६१२ मेगाहर्ट्‌झवर दोन शिखरांचा रेडिओ संदेश देतात, आणि त्या शिखरांमधील वेगाच्या फरकाचा निम्मा आकडा म्हणजे कवचाच्या प्रसरणाचा वेग.

यावरून जन्मवेळच्या वस्तुमानाचाही अंदाज बांधता येतो. सूर्याच्या दीडपटीहून हलके तारे पुरेसा उपसा होण्याआधीच आवरण गमावतात, म्हणून त्यांची धूळ शेवटपर्यंत सिलिकेटची राहते. साधारण दीड ते चारपट वस्तुमानाचे तारे कार्बन तारे होतात. त्याहून जड ताऱ्यांत आवरणाचा तळ इतका तापतो की वर येणारा कार्बन तेथेच नायट्रोजनमध्ये बदलतो आणि धूळ पुन्हा सिलिकेटचीच राहते. या सीमा ताऱ्यातील जड मूलद्रव्यांच्या प्रमाणानुसार सरकतात, म्हणून त्या काटेकोर धरू नयेत. मात्र सीडब्ल्यू लिओनिस हा मधल्या गटातला आहे, एवढे विधान निःशंकपणे करता येते. ऑस्ट्रेलियात १९६९ मध्ये पडलेल्या मर्चिसन उल्केतून सूर्यमालेपूर्वीचे सिलिकॉन कार्बाइडचे कण वेगळे काढता आले आहेत आणि त्यांतील बहुसंख्य कणांची समस्थानिके अशाच कार्बन ताऱ्यांकडे बोट दाखवतात, हे येथे जाता जाता नोंदवतो.

कवचाचे वय

ताऱ्यापासून धुळीच्या कवचापर्यंतचा कोन विकलांमध्ये (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), आपल्यापासून ताऱ्याचे अंतर पारसेकमध्ये (एक पारसेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) आणि प्रसरणाचा वेग किलोमीटर प्रति सेकंद घेतला, तर

वय (वर्षे) = ४.७४ × कोन × अंतर ÷ वेग.

शिल्पकार समूहातील आर स्कल्प्टोरिस या कार्बन ताऱ्याभोवती सुमारे १८.५ विकला त्रिज्येचे पातळ कवच आहे, वेग १४.३. चिलीतील आल्मा दुर्बिणीने २०१२ मध्ये त्याच्या आत सर्पिल रचना दाखवली आणि त्यावरून, २९० पारसेक अंतर धरून, हा तारा सुमारे १,८०० वर्षांपूर्वी एका औष्णिक स्पंदातून गेला, असा निष्कर्ष निघाला. सूत्रात हे आकडे घालून पाहावेत. उत्तर तेच येते. आता अंतर ३६० पारसेक घ्यावे. वय २,२०० वर्षे होते. म्हणजे या घड्याळातील मोठी चूक कोन किंवा वेग मोजण्यात नसून अंतरात असते. गाया यानाने कोट्यवधी ताऱ्यांचे पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे ताऱ्याच्या जागेत दिसणारा कोनीय फरक, ज्यावरून अंतर निघते) मोजले असले तरी या ताऱ्यांच्या बाबतीत सावध राहावे लागते : ज्याची त्रिज्या एका खगोलीय एककाहून, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराहून, मोठी आहे अशा ताऱ्याच्या बिंबाची कोनीय त्रिज्या त्याच्या पराशयापेक्षा मोठी असते, आणि बिंबावरील तेजस्वी डाग हलले की मोजलेली जागाही हलते. शक्य तेथे आवर्तन आणि दीप्ती यांच्या संबंधावरून काढलेले अंतर ताडून पाहावे आणि उत्तर नेहमी दोन टोकांच्या मर्यादेत लिहावे.

सीडब्ल्यू लिओनिसभोवती हर्शेल अवरक्त दुर्बिणीने धुळीच्या कमानी टिपल्या आहेत. ताऱ्यापासून ३०० विकलांवरच्या धुळीसाठी १३० पारसेक आणि १४.५ हा वेग घेतला, तर ती सुमारे १२,७०० वर्षांपूर्वी निघाली, असे उत्तर येते.

धूळ आणि तारा यांची साक्ष जुळत नाही तेव्हा

काही कार्बन ताऱ्यांभोवती चक्क सिलिकेटची धूळ आढळते; हंस समूहातील व्ही७७८ सिग्नी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तारा आज कार्बनसमृद्ध, धूळ मात्र त्याच्या ऑक्सिजनसमृद्ध दिवसांतली. वाऱ्यासोबत ती केव्हाच निघून जायला हवी होती, म्हणून तिला सोबती ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाने एखाद्या चकतीत धरून ठेवले असावे, असे मानले जाते. रेड रेक्टँगल या अभ्रिकेत हीच कथा अधिक स्पष्ट दिसते : बाहेरच्या फाकांत कार्बनी रेणू आणि मधल्या चकतीत स्फटिकी सिलिकेट. वर्णपटात दोन्ही प्रकारच्या खुणा एकत्र आल्या, तर मोजमाप चुकले असे समजून ते टाकून न देता आधी सोबती ताऱ्याचा शोध घ्यावा.

खरे फसवे संकेत वेगळे आहेत. आकाशगंगेच्या पट्ट्यात ६० आणि विशेषतः १०० मायक्रॉनवर आंतरतारकीय धुळीचे ढग मिसळतात. अलादीन या नकाशात त्या जागेचे चित्र पाहून पार्श्वभूमी डागाळलेली असेल तर १०० मायक्रॉनचा आकडा सोडून द्यावा. दूरच्या ताऱ्यात ९.७ मायक्रॉनचा खळगा वाटेतल्या धुळीमुळेही पडतो. आणि दृश्य तेज एकाएकी घटले म्हणजे तारा नव्या टप्प्यात गेला, असे नसते : मृग नक्षत्रातील काक्षी फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत मंदावला होता, आणि त्याचे मुख्य कारण आपल्या बाजूला तयार झालेला धुळीचा ढग हे ठरले.

ही कृती जमल्यावर ताऱ्यापासून सुटून दूर गेलेल्या कवचाचे उदाहरण करून पाहावे. त्यासाठी मे महिन्याच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास सोलापुरातून उत्तरेकडे साठ अंशांहून अधिक उंचीवर येणारा वाय कॅनम व्हेनाटिकोरम हा पाचव्या प्रतीच्या आसपासचा गडद लाल कार्बन तारा निवडावा. १२ आणि २५ मायक्रॉनचे त्याचे आकडे उघड्या ताऱ्याच्या किती जवळ आहेत आणि ६० मायक्रॉनला ते त्या रेषेपासून किती वर उचलले जातात, हे आधी तपासावे. मगच आयएसओ वेधशाळेच्या ९० मायक्रॉनच्या चित्रात कवचाची त्रिज्या मोजून वरच्या सूत्रात घालावी.